हं म्हणणारं कोण

१

आटपाट नगर म्हणावं तर तसं काही नव्हतं. नुसतं शहर होतं, आणि त्यातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं राहत होतो. एक म्हातारी, म्हणजे मी. एक माझी नात, ती भाषेच्या कचेरीत कामाला. एक नातजावई, तो लिफ्ट दुरुस्त करतो. अख्ख्या शहराला वरखाली करतो आणि घरी आला की खुर्चीवरून हलत नाही. आणि एक त्यांची लेक, माझी पणती. तिला आम्ही ठकी म्हणतो. ठकी म्हणजे लाकडाची बाहुली. पण ते नाव गोंडस म्हणून पडलं होतं, ती बोलत नाही म्हणून नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, कारण नाही ते अर्थ काढायची लोकांना फार हौस.

ठकी चार वर्षांची झाली तरी बोलली नव्हती. जन्मली तेव्हा रडली तेवढंच. पुढे हसली की खांदे हलायचे, रडली की डोळे वाहायचे, आवाज नाही. कान चांगले. दुसऱ्या खोलीत डब्याचं झाकण उघडलं तरी धावत यायची. डॉक्टरांनी जीभ पाहिली, घसा पाहिला, सगळं जागच्या जागी. मग म्हणाले, "घरात बोलणारं कोणी जास्त आहे का?" आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे! म्हणजे मी बोलते म्हणून पोर मुकी. फी घेऊन असली अक्कल देतात.

लांबच्या गावी अशा मुलांसाठी राहण्याची शाळा होती. उन्हाळा संपेपर्यंत बोलली नाही तर तिकडे ठेवावी, असं डॉक्टरांनी सुचवलं. जावई "बघू" म्हणाला. मी म्हटलं, "बघू काय? एवढंसं लेकरू, तहान लागली तरी सांगता येत नाही, ते परक्या गावात ठेवायचं? मी जिवंत असेपर्यंत नाही."

"आजी, तुम्ही असेपर्यंतच्या गोष्टी करू नका," जावई म्हणाला. "तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून जाल."

विनोद होता तो. पण मला हसू आलं नाही.

२

नातीच्या कचेरीत लोकांचं बोलणं गोळा करतात. गवंड्याचं, सुइणीचं, नावाड्याचं, बाजारात बसणाऱ्या बायकांचं. ते रेकॉर्ड करायचं, मग ऐकून ऐकून शब्द न शब्द टाइप करायचा आणि कॉम्प्युटरात घालायचा. त्या साठ्याला ते कॉर्पस म्हणतात. पुढेमागे भाषा मेली तर उपयोगी पडेल म्हणे. माणूस जिवंत असताना त्याचं कोणी ऐकत नाही, आणि मेल्यावर काय म्हणाला असता याची एवढी काळजी!

नातीने मला तिकडे नेलं. मला गोष्टी पुष्कळ येतात, आणि एकदा ऐकलेली विसरत नाही. कचेरीचे मोठे सर हात जोडून म्हणाले, "आजी, तुम्ही म्हणजे आमच्यासाठी खजिना." बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

रेकॉर्डिंगची खोली आत होती. भिंतींना करडा स्पंज, वरती स्पंज, दारालाही स्पंज. एका बाजूला जाड काचेची खिडकी, तिच्यापलीकडे यंत्रं. खोलीत एक टेबल, त्यावर माइक, आणि दोन खुर्च्या समोरासमोर. दोन्ही रेक्झिनच्या. बसलं की फुस्स करून हवा सोडणाऱ्या. मी एकीवर बसले. समोरच्या खुर्चीत नात बसेल असं वाटलं होतं, तर ती चालू लागली.

"अगं, तू कुठे निघालीस? गोष्ट कोणाला सांगू?"

"माइकला सांग ना आजी. ऐकणारं माणूस आत बसलं की मधेमधे बोलतं, खोकतं. रेकॉर्डिंग खराब होतं. सरांचा नियम आहे, आत एकट्यानेच बसायचं."

"आणि हुंकार कोण देणार?"

"कोणी नाही. तसंच सांगायचं."

तसंच! अगं, विहिरीत पोहरा सोडला तरी खालून आवाज येतो. गोष्ट सांगायची तर समोर कोणी तरी हवं. एक वाक्य झालं की त्याने हं म्हणायचं, मग दुसरं वाक्य. वीट ठेवली की चुना, पुन्हा वीट. पण मी पडले पाहुणी. दार बंद झालं आणि कानात असा दाब आला, जसा पाण्यात बुडी मारल्यावर येतो. बाहेरचं जग कोणीतरी पुसून टाकलं. मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून सांगायला लागले.

आणि सांगायची गंमत अशी, की मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. उलट मी रंगले. घरी सांगते त्याहून छान सांगितल्या. बाहेर आल्यावर नात म्हणाली, "आजी, तू मधेमधे थांबत होतीस, किती बरोब्बर थांबत होतीस!" मीही फुशारले.

३

त्यानंतरची एक दुपार. नात सुट्टीच्या दिवशीही काम घरी आणते. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप, टेबलाखाली ठकी कपड्यांचे चिमटे एकाला एक जोडत बसलेली, आणि मी लसूण सोलत होते.

"ये, तुला तुझ्या गोष्टी दाखवते," नात म्हणाली.

तिच्याकडे एक प्रोग्रॅम आहे. त्याचं नाव कॉन्कॉर्डन्स. माझी जीभ त्यात अडकते, म्हणून मी त्याला चाळणी म्हणते. चाळणीला एक शब्द द्यायचा. तो शब्द ज्याच्या ज्याच्या तोंडून निघाला असेल त्या सगळ्या ओळी ती काढते आणि एकाखाली एक लावते. शोधलेला शब्द बरोब्बर मधे, लाल रंगात, वरपासून खालपर्यंत, जणू केसांत भांग पाडलाय. डावीकडे आधीचे चार शब्द, उजवीकडे नंतरचे चार. ओळीवर टिचकी मारली की त्या माणसाचं पुरतं बोलणं उघडतं, आणि कडेला कोण बोललं ते लिहिलेलं.

मला वाचता येत नाही, ती वाचून दाखवत होती. "नदी" शब्द दिला तर नावाडी, गवंडी, मी, सगळे एका रांगेत. पण हे काय ऐकणं? "...आणि ती म्हातारी नदी ओलांडून पलीकडे जाते..." की कापलं! पलीकडे कोण भेटलं ते राहिलंच. मी एवढ्या मायेने सांगितलेलं, आणि हिने भाजीसारखं चिरून ठेवलंय.

"आजी, अर्थ बघायला असंच बघतात."

"अर्थ देठासकट असतो, बाई."

ती हसली आणि कामाला लागली. सरांनी तिला सांगितलं होतं की टाइप करणाऱ्या ताईने लोकांचे खोकले, उसासे, अहं-उहं सगळं लिहून ठेवलंय, त्यातलं नको ते काढ. म्हणून तिने चाळणीला शब्द दिला: हं.

पडदा भरला. ती खाली सरकवत गेली, सरकवत गेली. मधे नुसता लाल भांग. हं, हं, हं, हं.

"अगं बाई," नात म्हणाली. "आजी, तू स्वतःच्याच गोष्टीला हं म्हणत होतीस?"

"मी कशाला म्हणू? स्वतःच्या पाठीवर स्वतः थाप मारतं का कोणी?"

"मग हे बघ ना. प्रत्येक वाक्यानंतर आहे."

लसणाची पाकळी माझ्या हातात तशीच राहिली.

४

नात शिकलेली आहे. घाबरायच्या आधी ती तपासते. तिने मूळ रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज आला, एक वाक्य झालं, मी थांबले. मग काही नाही. पुन्हा माझा आवाज. आवाज वाढवून ऐकलं, कानाला लावून ऐकलं. माझ्या दोन वाक्यांच्या मधे फक्त स्पंजाची शांतता.

"चुकून लिहिलं असेल," ती म्हणाली, आणि टाइप करणाऱ्या ताईला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने.

"चुकून कसं?" ताई म्हणाली. राग आला होता तिला, आणि योग्यच होता. "मी ऐकलं तेच लिहिलं. आजींच्या समोर कोणीतरी बसलं होतं ना? फार छान ऐकत होतं. खरं सांगू? मला हेवा वाटला. आमच्या घरी एवढं मन लावून माझं कोणी ऐकत नाही."

नातीने फोन ठेवला. मग तिने गवंड्याचं बघितलं. सुइणीचं बघितलं. ठकीच्या जन्माच्याही आधीची रेकॉर्डिंगं, वेगवेगळ्या माणसांनी टाइप केलेली. सगळ्यांत तोच हुंकार. गवंडी तर एके ठिकाणी म्हणतो, "हं काय हं? पुढचं ऐक." हे गवंड्याच्या आवाजात चांगलं ऐकूही येत होतं. चिडून नाही, आपल्या माणसाला म्हणावं तसं तो म्हणत होता. आणि खोलीत एकटा होता.

भीती मला नंतर वाटली. आधी आला तो संताप. कोण मेलं हे, न विचारता येऊन बसणारं? पाहुणा दारात उभा राहून खाकरतो, मांजरसुद्धा म्याव करतं! आणि त्याहून जास्त राग मला माझाच आला, कारण मला आठवलं: त्या खोलीत मी अगदी बरोब्बर थांबत होते. एवढीच जागा सोडत होते, जेवढी हं म्हणायला लागते. कोणीतरी ती भरत असल्याशिवाय सांगणारा थांबतो का? माझ्या कानाला कळलं नव्हतं, पण माझ्या जिभेला कळलं होतं.

"यंत्राचा काहीतरी घोळ असेल," नात म्हणाली.

"असेल," मी म्हटलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

५

पण राग मला गप्प बसू देत नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टेबलाशी बसली तेव्हा मी म्हटलं, "सगळ्या जगाचं बोलणं आहे ना तुझ्या चाळणीत? मग माझ्या ठकीचं काढून दे म्हणावं. तेवढं नाही जमत! विचार, ठकी हे नाव तरी ठाऊक आहे का तिला?"

"आजी, ते कसं असेल? आपण तिचं नाव कधी तिकडे—"

"टाक तर खरं."

माझं समाधान म्हणून तिने टाकलं. मग ती वाचेना.

"काय ग?"

"आहे."

"काय आहे?"

ती हळूहळू वाचू लागली. "'...खाली सांडलं बघ, ठकी, पाय काढ आधी...'" हे मी सकाळी म्हणाले होते. दुधाचं भांडं लवंडलं तेव्हा. "'...झोप ग आता, ठकी, डोळे मीट, बाबा...'" हे नातीचं. एकाखाली एक आमच्या घरातलं बोलणं, मधे लाल रंगात पोरीचं नाव. कडेला जिथे बोलणाऱ्याची ओळख असते तिथे कोरं. नातीने ओळीवर टिचकी मारली. एरवी पुरतं बोलणं उघडतं. हे उघडेना.

मग ती एका ओळीवर अडखळली आणि वाचता वाचता गप्प झाली.

"वाच."

"नको."

"वाच म्हणते ना!"

"'...आजीला सांगू नकोस, ठकीची जागा तिथे पक्की...'" तिने तोंडावर हात ठेवला. "आजी, हे... हे ह्यांनी मला सांगितलं. गॅलरीत. कपडे वाळत घालताना, कानात."

म्हणजे शाळा ठरली होती. माझ्या पाठीमागे. माझ्याच घरातली बातमी मला चाळणीकडून कळली! मी तिला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. ती रडली, म्हणाली, "डॉक्टर म्हणतात उशीर होतोय, आजी, आम्ही तरी काय करू?" आणि त्या दोघांचा राग करावा की त्या बिनचेहऱ्याच्या चोंबड्याचा, मला कळेना. नवरा-बायकोचं कानातलं बोलणं! ते कोणाच्या बापाचं आहे का?

"शेवटची एक ओळ आहे," नात डोळे पुसत म्हणाली. "हिच्यात काहीच नाही. डावीकडे कोरं, उजवीकडे कोरं. मधे नुसतं ठकी."

म्हणजे कोणीतरी नुसती हाक मारली होती.

आणि टेबलाखाली आजही चाललेलं चिमटे जोडणं थांबलं. मी वाकून पाहिलं. ठकीने मान वर केली होती, पण माझ्याकडे नाही, आईकडेही नाही. बोलावल्यावर मूल बघतं तशी ती समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पायांकडे बघत होती.

६

मी लुगडं बदललं आणि म्हटलं, चल कचेरीत. ठकीला घरी कोणाजवळ ठेवायचं, म्हणून तिलाही घेतलं.

मोठे सर म्हणजे वाईट माणूस नव्हे. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडायला जोर आला असता. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकलं. मग स्वतः चाळणीला शब्द दिला: ठकी. पडद्यावर एक भोपळा आला.

"एकही नाही, आजी."

"सर, मी स्वतः वाचलंय," नात म्हणाली.

"तू थकलीयस. घरी काम नेत जाऊ नकोस." मग माझ्याकडे वळून, "आजी, यंत्राला स्वतःचं मन नसतं. आपण घालू तेच ते दाखवतं."

"मग माझ्या गोष्टी काढा त्यातून. मला नाही ठेवायच्या."

त्यांनी मान हलवली. "त्या आता सगळ्यात मिसळल्या. कणकेतलं मीठ परत काढता येतं का?"

"मळायच्या आधी विचारायचं होतं."

"विचारलं होतं, आजी. तुम्हीच हो म्हणालात."

तेही खरंच होतं, म्हणून मला आणखी राग आला. मी म्हटलं, "मी माझं बोलणं दिलं. माझ्या घरचं नाही दिलं. आणि मला एक सांगा, त्या खोलीत दुसरी खुर्ची कशाला ठेवलीत? ऐकणारा नको, तर त्याची जागा कशाला?"

सर म्हणाले, "सांगणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. समोर कोणी आहे असं वाटलं की माणूस मोकळं बोलतो. मी पहिल्यापासून तशीच पद्धत ठेवलीय."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पाट मांडून, ताट वाढून, दार उघडं ठेवलंत. आणि कोणी जेवायला आलं तर म्हणता, आम्ही कुठे बोलावलं?"

नकळत आपली खुर्ची सरांनी थोडी मागे घेतली.

"मला तिथे थोडा वेळ बसू द्या," मी म्हटलं. "यंत्र बंद ठेवा. मला कोणाशी तरी भांडायचंय."

७

दार बंद झालं. पुन्हा तोच कानातला दाब. बाहेर लख्ख दुपार होती, पण इथे ना दुपार ना रात्र, नुसता वरचा पांढरा दिवा. काचेपलीकडे नात उभी, तिच्या कडेवर ठकी. ती काच इतकी जाड, की पलीकडे ढोल वाजवला तरी आत कळू नये. माइकची वायर काढलेली मी डोळ्यांनी पाहिली.

मी गेल्या वेळच्याच खुर्चीत बसले. बराच वेळ समोरच्या खुर्चीकडे नुसती बघत राहिले. काळं रेक्झिन, एका कोपऱ्याला चीर, चिरेतून पिवळा फोम. म्हटलं, म्हातारे, तुला वेड लागलंय. रिकाम्या खुर्चीशी कोण भांडतं? डॉक्टर म्हणत होते तेच खरं, तू बोलतेस फार.

मग मी गोष्ट सुरू केली. भांडण नाही, गोष्टच. नावाड्याची बायको. गावातले सगळे विस्तव विझतात, नावाडी तापाने फणफणतो, आणि ती नदीपलीकडून मडक्यात निखारे आणायला निघते. पहिलं वाक्य सांगितलं आणि मुद्दाम थांबले.

समोर फुस्स झालं.

रेक्झिनमधली हवा गेली. खुर्चीचं आसन मधोमध दबलं. थोडंसंच. मोठं माणूस बसतं तसं नाही.

उठून पळावंसं वाटलं. पण तोंड चालू राहिलं, ते माझं ऐकत नाही कधी. मी सांगत गेले. प्रत्येक वाक्यानंतर थांबत गेले. कानाला काही नाही, पण मला कळत होतं, जागा भरली जातेय. निखारे घेऊन ती परत निघते. होडी नदीच्या मध्यावर येते. वारा सुटतो. निखारे विझायला लागतात. फुंकर मारावी तर हात वल्ह्यावर, आणि वल्हं सोडावं तर होडी धारेला लागते.

आणि मी गप्प बसले.

पुढचं सांगितलंच नाही. सांगणाऱ्याकडे दुसरं हत्यार कुठलं असतं? बसले तशीच, ओठ मिटून. आसन आणखी दबलं, पुढच्या कडेकडे. मूल पुढे सरकून बसतं तसं.

"मग?"

हे कानाने ऐकलं. टेबलाच्या पलीकडून. बारीक, कोवळं, घोगरं. न वापरलेलं.

ठकीचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तरी तो मी ओळखला. न बघितलेल्या बाळाची लाथ आईला कळते ना, तसा. आणि मी काचेकडे पाहिलं, तर पलीकडे आईच्या कडेवर ठकीचे ओठ मिटले आणि उघडले. बस, तेवढेच. आता तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही स्वतःला तेच म्हणते. पण ठकी जन्मली नव्हती तेव्हाचा तो गवंडी. तो कोणाशी बोलत होता?

"मग काय, मग?" मी ओरडले. उभी राहिले. भीतीने की रागाने, ते आजही सांगता यायचं नाही. "जन्मभर आमचं ऐकतोस, आमच्या मोऱ्या-गॅलऱ्या ऐकतोस, आणि वर माझ्या पोरीच्या तोंडाने मला विचारतोस? तिच्या वाटणीचं बोलणं घेऊन बसलास? ऊठ! ती जागा तुझी नाही. ऊठ तिथून!"

टेबलाला वळसा घालून गेले आणि त्या खुर्चीत बसले. धपकन, सगळं वजन टाकून.

आसन ऊन होतं.

आणि मी बसल्यावर, काय सांगू, माझ्या मांडीवरून कोणीतरी उतरलं. वजन होतं त्याला. लहान मुलाचं असतं तेवढं. गुडघ्यावर क्षणभर पाय टेकला, मग भार गेला. मी डोळे उघडेच ठेवले होते. स्पंजाच्या भिंतीवर एक खळगा पडला, पाठ टेकल्यासारखा, आणि हळूहळू भरून आला. एवढंच पाहिलं. त्याहून जास्त पाहिलेलं नाही, आणि कोणी मला विचारू नये.

"आता मी ऐकणार," मी म्हटलं. "आता सांगायचं तिने. सांग ग माझे बाई. हं."

काचेपलीकडे नातीचं तोंड मोठ्ठं उघडलं. ठकीकडे बघून ती किंचाळत होती, पण आवाज नाही. मग दार उघडलं आणि जग एकदम कानात शिरलं, आणि सगळ्यात पुढे तो कोवळा घोगरा आवाज.

"काय सांगू बाई," ठकी म्हणाली. आयुष्यातले पहिले शब्द, आणि ते असे, म्हाताऱ्या बाईसारखे! "नावाड्याची बायको वल्हं टाकून देते. आणि मडक्यावर वाकते. आणि फुंकते, फुंकते. आणि होडी काठाला लागते, तेव्हा होडीत दोघी असतात."

नात हसत होती, रडत होती, पोरीचे मुके घेत होती. मोठे सर भिंतीला टेकून उभे होते.

माझ्या गोष्टीत होडीत एकटीच असते. मी ती कोणालाही वेगळी सांगितलेली नाही.

८

ठकी त्या दिवसापासून बोलते. तोतरं नाही, बोबडं नाही, सगळं चोख. लांबच्या शाळेला जावयाने त्याच संध्याकाळी नको म्हणून कळवलं, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. मी म्हटलं, "पुरे आता, जेवायला बस." डॉक्टर म्हणाले, बघा, माझी सूचना लागू पडली. कसली सूचना, ते त्यांनाच ठाऊक. बाकी काही न करता श्रेय घ्यायला पदवी लागते बहुतेक.

सरांनी ती खुर्ची काढली, असं नात सांगते. आता कोणी रेकॉर्डिंगला आलं की समोर एक जिवंत माणूस बसवतात. खोकला आला तर येऊ दे म्हणतात. माझ्या गोष्टी अजून तिथेच आहेत. नात पुन्हा कधी चाळणीला ठकीचं नाव देत नाही. मीही सांगत नाही.

एक मात्र आहे. ठकी बोलते तेव्हा प्रत्येक वाक्यानंतर थोडी थांबते. जेवढी जागा हं म्हणायला लागते, तेवढीच. पहिल्या दिवशी आम्ही आनंदात होतो, कोणाच्या लक्षात आलं नाही, कोणी हं म्हटलं नाही. ती थांबली, मान डोलावली, आणि पुढचं सांगू लागली. ते मी बघितलं.

तेव्हापासून मी समोर बसते. कामं राहिली तर राहू देत. ती वाक्य संपवते न संपवते तोच मी हं म्हणते, खणखणीत, घरभर ऐकू जाईल असं. मी नसले तर नात म्हणते, नात नसली तर जावई. खुर्चीवरून न हलणारा माणूस, पण हे काम त्याला छान जमतं. आमच्या लेकराचं ऐकायला आमचं घर पुरेसं आहे. कोणी परक्याने तोंड घालायचं कारण नाही.

कोपऱ्यावरच्या शाळेत ठकीचं नाव घातलंय. बाई म्हणतात, वर्गात सगळ्यात जास्त हीच बोलते, आणि पोरं तिच्याभोवती गोळा होऊन ऐकत बसतात. दुपारी घरी आली की दप्तर टाकून ती माझ्यासमोर बसते, आणि दिवसभराचं सगळं सांगायला लागते. मी म्हणते, हं. ती म्हणते, आणि मग. मुकं घर बोलतं झालं, चौघंच्या चौघं एका छपराखाली राहिले, जेवताना कोणाला कोणाचं ऐकू येत नाही एवढा गलका असतो. जसं आमचं झालं, तसं तुमचंही होवो.